फ्लेक्सवरचा एक शब्द

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

पक्षानं ‘गर्भपात थांबवा, लेक वाचवा’ असा फ्लेक्स ठरवला आणि गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या बाया बैठकीतून उठून गेल्या, हे कळलं. तुझं दोन्हीकडे जाणं-येणं आहे, म्हणून हे लिहितोय.

पक्षाची काळजी खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. हा आकडा त्या बायांनी स्वतःहून आधी मांडावा, म्हणजे समोरचा ऐकून घेतो. पण १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे ती गर्भलिंगनिदानाला. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं अटींसह मान्य आहे. आणि हे नीट समजावून सांग: गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांच्या आत करतात, तोवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. गोळ्या बंद पाडून एकही लेक वाचत नाही. उलट तपासणीच्या धाकानं मेडिकलवाला त्या ठेवणं सोडतो. मग नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरची बाई गाडीभाडं जमवण्यात आठवडे घालवते. आणि उशीर होईल तशा अटी वाढतात: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, तेही कायद्यानं ठरवलेल्या गटांतल्या बायकांनाच.

जिल्हाध्यक्षांना भर बैठकीत टोकू नकोस, आदल्या दिवशी एकटं गाठ. एकच कागद ने. त्यावर ‘गर्भपात’ खोडून ‘लिंगनिदान’ लिहिलेलं असू दे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘नवऱ्याची संमती’ कुठे दिसली तर तीही काढायला लाव. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते.

बूथच्या कार्यकर्त्यांकडून गरोदर बायकांच्या याद्या करायचं कुणी सुचवलं, तर मात्र अडून बस. इथे तडजोड नको. पेशंटचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरलाही वर्षापर्यंत कैद होऊ शकते, इतकी ही गोष्ट नाजूक आहे. कार्यकर्त्याच्या वहीत नाव जातंय असं कळलं की बाई सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाही, गावातल्या बोगस डॉक्टरकडे जाते.

बदल्यात पक्षाला काहीतरी ठोस दे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडेच आहेत. तिथे प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळ्यांचा साठा, ही मागणी जाहीरनाम्यात घालायला सांग. त्या बायांनाही तेच हवंय.

आणि फ्लेक्सचं प्रूफ छपाईला जाण्याआधी स्वतः वाच. जुनी फाईल तशीच छापली जाते, असं फार वेळा होतं.