वसाहतींमधल्या लोकांना स्वातंत्र्य हवं असं नेमकं कशामुळे वाटू लागलं? की महायुद्धानंतर साम्राज्यंच थकली आणि सोडून गेली?

प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या पुण्याच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की क्षणभर वाटलं, हा त्यांनीच टाकलाय. 'इंग्रज कर्जात बुडाले म्हणून गेले. तुमच्या सोलापूरच्या दंगलीनं काय फरक पडला?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साडूभाऊ आहेत, वयानं मोठे आहेत, म्हणून घरात गप्प बसतो. इथे बसणार नाही.

आधी पहिला भाग. स्वातंत्र्य कुणी पहिल्याच दिवशी मागत नाही. लोक आधी न्याय मागतात, तोही सरकारकडेच. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी जुलै १७७५ मध्ये राजाला नम्र अर्ज पाठवला होता. तिसऱ्या जॉर्जनं तो स्वीकारला नाही, आणि वर्षभरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे काँग्रेस १८८५ ची आणि पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ चा, लाहोरचा. मधल्या काळात अर्जविनंत्या, शिष्टमंडळं, बहिष्कार, तुरुंग. आयर्लंडमध्ये १९१६ च्या उठावातल्या कैद्यांना डब्लिनमधल्याच लोकांनी रस्त्यात शिव्या घातल्या होत्या. नंतर सरकारनं त्यांच्या पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घालायला सुरुवात केली आणि हवा फिरली. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षानं घेतल्या. मागणी वाढवण्याचं काम पुढाऱ्यांइतकंच सरकारही करत असतं.

पण हे झालं शिकलेल्यांचं. गिरणीतल्या माणसाला हे कुठून कळलं? त्यासाठी आमच्या घरातली गोष्ट सांगतो.

पणजोबा जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. पगाराच्या दिवशी पणजी गेटावर जाऊन उभी राहायची. भोंगा झाला, पाळी सुटली की गेटापासून घरापर्यंतच्या वाटेत शिंदीचं, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या रसाच्या दारूचं, दुकान. दुकान मक्तेदाराचं, मक्ता सरकारचा. आजी सांगायची, पैसे पदराच्या गाठीत आल्याशिवाय पणजी त्यांना हलू द्यायची नाही, आणि तरीही निम्मे महिने गाठ रिकामीच घरी यायची. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते ते आकडे मांडून दाखवलं. पणजीला वाचता येत नव्हतं, पण आपल्या घरातला पैसा सरकारच्या आबकारीत जाताना ती दर महिन्याला डोळ्यांनी बघत होती. तिच्यासाठी इंग्रज सरकार म्हणजे व्हाइसरॉय नव्हे. ते दुकान, आणि दुकानाबाहेर उभा असलेला पोलिस.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. ८ मे ला रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, राग सरकारवर आणि कुऱ्हाड झाडावर. पण ते झाड म्हणजे सरकारचं उत्पन्न. पोलिसांनी धरपकड केली, जमाव अंगावर गेला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण गोळी लागून गेला. मग मंगळवार पेठेतली पोलिस चौकी पेटली, त्यात पोलिस मारले गेले, कोर्ट जळालं. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नव्हता. रस्त्यावरची वाहतूक काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. १२ मे ला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत.

पणजीनं तोडलेल्या शिंदीची पानं घरी आणून त्यांची केरसुणी बांधली. लहानपणी ती केरसुणी पाहिल्याचं आजी सांगायची. पार बुडखा उरेपर्यंत पणजीनं ती टाकली नाही, दुसरी विकत आणली तरी दारामागे ठेवली. आणि पणजोबांची गांधी टोपी मार्शल लॉ उठेपर्यंत ज्वारीच्या कणगीत होती.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. खटल्यातला पुरावा खरा होता असं म्हणणारा माणूस सोलापुरात मला अजून भेटायचाय.

साडूभाऊ एका वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला आले होते. होम मैदानाकडे जाताना या चौघांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. १२ जानेवारीच होती, नुकते हार घातलेले, खाली झेंडूच्या पाकळ्या. साडूंनी हात जोडले आणि लगेच म्हणाले, 'माणसं मोठी होती हो, पण शेवटी हिशेब लंडनलाच झाला.' शेजारी फुलवाला उभा होता, तो आमच्याकडे बघत राहिला. मेव्हणीनं विषय बदलला आणि सगळे पाळण्यांकडे गेलो. मला मात्र त्या रात्री शेंगाचटणी-भाकरीही गोड लागली नाही.

हिशेबाचंच म्हणत असाल तर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड कर्जबाजारी होतं हे खरं. नुसतं हिंदुस्थानचंच देणं सुमारे १३० कोटी पौंडांचं होतं. पण कर्जात बुडालेला व्यापारी चालतं दुकान सगळ्यात शेवटी सोडतो. डच तर १९४५ मध्ये इंग्रजांपेक्षा खंक होते, त्यांचा स्वतःचा देशच जर्मनांनी पाच वर्षं दाबला होता. ते गेले का? इंडोनेशियानं ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डच १९४९ पर्यंत लढत बसले. फ्रेंच व्हिएतनाममध्ये १९५४ ला दिएन बिएन फूला हरले, तेव्हा निघाले, आणि त्याच वर्षी अल्जीरियात जे युद्ध सुरू झालं ते १९६२ पर्यंत. पोर्तुगाल तर महायुद्धात उतरलाच नव्हता. तरी गोवा १९६१ मध्ये लष्कर पाठवूनच घ्यावा लागला, आणि अंगोला, मोझांबिक १९७५ ला सुटले. रिकाम्या तिजोरीनं साम्राज्य सुटत असतं तर हे सगळे १९४६ लाच घरी गेले असते. राज्य चालवायला रोज पोलिस, कारकून आणि गिरणीवाला लागतो. त्यांनी हात काढून घेतला की कर्ज महाग पडायला लागतं.

आणखी एक उदाहरण देतो. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना. तिथे कोकोच्या झाडांवर रोग पडला म्हणून सरकारनं शेतकऱ्यांची झाडं सक्तीनं तोडायला लावली. आमच्याकडे लोकांनी सरकारची झाडं तोडली, तिकडे सरकारनं लोकांची. त्यात २८ फेब्रुवारी १९४८ ला युद्धावरून परतलेले शिपाई गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. त्यांच्यातले कित्येक इंग्रजांसाठी ब्रह्मदेशात लढून आले होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या, तिघे मेले, अक्रा पेटलं. सरकारनं पुढे घानाचे पंतप्रधान झालेल्या एन्क्रुमांसह सहा पुढारी धरले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र. अर्ज, गोळी, तुरुंग, मग स्वातंत्र्याची मागणी, क्रम तोच.

आता साडूंच्या बाजूनंही दोन ओळी लिहितो. युद्ध झालं नसतं तर १९४७ साल १९४७ ला आलं नसतं. आझाद हिंद फौजेवरचे खटले आणि फेब्रुवारी १९४६ चं मुंबईचं नाविकांचं बंड यांनी इंग्रजांचा देशी शिपायावरचा भरवसा उडाला, आणि ही दोन्ही युद्धाचीच पिल्लं. मारले गेलेले पोलिसही इथलेच, पोटासाठी नोकरी करणारे. त्यांच्या घरच्यांना ते तीन दिवस कसे गेले असतील ते मी सांगू शकत नाही.

शिवाय साम्राज्य गेलं म्हणजे त्याचा कायदाही गेला असं समजू नका. आमच्या सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी देऊन गिरणीत कामाला जायचं. तो शिक्का पुसला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देशाचं स्वातंत्र्य त्या कुंपणापर्यंत पोचायला पाच वर्षं लागली, आणि हा उशीर आपल्याच सरकारचा.

परीक्षेसाठी विचारत असाल तर आर्थिक शोषण, इंग्रजी शिक्षण, वर्तमानपत्रं, महायुद्धं असे मुद्दे लिहा, मार्क मिळतील. खरंच समजून घ्यायचं असेल तर आपल्या गावात १९३० आणि १९४२ ला काय झालं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुढाऱ्यांची भाषणं विचारू नका. सरकार त्यांच्या घरात कुठून शिरायचं ते विचारा, मीठ, शिंदी, सारा की जंगल.

आणि साडूभाऊ, वाचत असाल तर डचांचं उत्तर लेखी द्या. फोनवर तुम्ही विषय बदलता.