शब्दशंका : ‘लॅमस’मध्ये कोकरू नाही

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली दाई म्हणते की, लॅमसच्या, म्हणजे १ ऑगस्टच्या ख्रिस्ती सणाच्या, आदल्या रात्री ज्युलिएटला चौदावे वर्ष पूर्ण होईल. महाविद्यालयात आम्हांला या ‘लॅमस’चा संबंध ‘लॅम्ब’शी, म्हणजे कोकराशी आहे, असे सांगितले होते. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही; मात्र ही चूक जुनी आहे. यॉर्कच्या कॅथीड्रलची कुळे या दिवशी चर्चला जिवंत कोकरू आणून देत, त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती पूर्वी काही लेखकांनीही दिलेली आढळते. खरा शब्द सुगीचा आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘ह्लाफमॅस्स’ असे होते. त्यातील ‘ह्लाफ’ म्हणजे पाव आणि ‘मॅस्स’ म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधी. १ ऑगस्टच्या सुमारास गहू हाती येऊ लागे आणि त्या नव्या गव्हाचा पहिला पाव भाजून तो आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेला जाई. अशा पावाचे चार तुकडे कोठाराच्या चार कोपऱ्यांत कुसकरून टाकावेत म्हणजे धान्याचे रक्षण होते, असा एक तोडगा अकराव्या शतकातील हस्तलिखितात नोंदलेला आहे.

‘ह्लाफमॅस्स’चे ‘लॅमस’ झाले ते उच्चाराच्या ओघात. आरंभीचा ‘ह’ गळाला आणि ‘फ’ शेजारच्या ‘म’सारखा होऊन त्यात मिसळला. संस्कृत ‘कर्म’चे प्राकृतात ‘कम्म’ होताना ‘र’चे जे झाले, तेच येथे ‘फ’चे झाले. ‘कम्म’पासून आपले ‘काम’ आले आणि त्यातला ‘र’ आज कुणाला आठवतही नाही. तसाच ‘लॅमस’मधला पाव इंग्रजांच्या कानांना ऐकू येईनासा झाला, आणि मग त्या रिकाम्या जागी कोकरू येऊन बसले.

हाच ‘ह्लाफ’ आजच्या ‘लोफ’मध्ये सरळ दिसतो, पण ‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ या दोन शब्दांत तो असेल असे कुणाला वाटणार नाही. ‘लॉर्ड’ म्हणजे मूळचा ‘ह्लाफवेअर्ड’, पावाचा राखणदार. आपल्याकडच्या ‘पोशिंदा’ या शब्दाच्या बराच जवळचा. ‘लेडी’ म्हणजे ‘ह्लॅफदीये’, पावाची कणीक मळणारी. त्यातील ‘मळणे’ या अर्थाचा धातू आणि संस्कृतातील ‘दिह्’, म्हणजे लेपणे किंवा लिंपणे, हे भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाचे मानतात. ‘देह’ हा शब्द त्या ‘दिह्’पासून आला आहे. (उमरावांच्या घरातील ‘लेडी’ने कणकेला हात लावण्याचे दिवस अर्थातच फार लवकर संपले.)

नव्या धान्याला चर्चमध्ये आशीर्वाद देण्याची चाल पाहायची असेल, तर गोव्यात साष्टीतील राय या गावी ५ ऑगस्टला ‘कणसांचें फेस्त’ होते. तेथे पावाऐवजी भाताची पहिली कणसे असतात. ‘लॅमस’शी या सणाचे शब्दाचे नाते नाही, साम्य आहे ते विधीचे.

इंग्रजीत ‘ॲट लॅटर लॅमस’ असा एक जुना वाक्प्रचारही होता. वर्षात लॅमस एकदाच येतो. त्यानंतरचा दुसरा लॅमस उजाडणारच नाही, म्हणून त्याचा अर्थ ‘कधीच नाही’. जुन्या इंग्रजी मजकुरात एखादा ऋणको त्या दिवशी पैसे फेडण्याचे वचन देताना भेटला, तर धनकोच्या हाती काय पडणार आहे हे आपण ओळखावे.