पावसाचं सावट असताना कसोटीत डाव कधी घोषित करावा, म्हणजे गडी शिल्लक असतानाच आपली फलंदाजी थांबवून समोरच्याला कधी खेळायला लावावं? इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला आपला कर्णधार शुभमन गिलनं उशीर केला होता का?

हो, उशीर केला. आपण ३३६ धावांनी जिंकलो तरी माझं मत बदललेलं नाही. निकाल मनासारखा लागला की निर्णयही बरोबरच होता, असं धरून चालायची आपल्याकडे वाईट खोड आहे.

जुलै २०२५ मधला तो चौथा दिवस आठवा. पहिल्या डावात १८० ची आघाडी, दुसऱ्या डावात गिलच्या १६१ आणि आपण ६ बाद ४२७ पर्यंत खेळत राहिलो. लक्ष्य ६०८. कसोटीच्या इतिहासात चौथ्या डावात जिंकताना सर्वात जास्त धावा झाल्यात ४१८, वेस्ट इंडिजच्या, २००३ साली अँटिग्वाला. म्हणजे विक्रमाच्या वर आणखी १९० धावा ठेवल्या, आणि रविवारी सकाळी पाऊस आहे हे माहीत असताना ठेवल्या. त्या संध्याकाळी आपल्याला इंग्लंडविरुद्ध फक्त १६ षटकं टाकता आली. त्यात तीन गडी गेले. नवा चेंडू, दमलेले सलामीवीर, कलती संध्याकाळ, याच्याइतकी चांगली वेळ गोलंदाजाला दुसरी मिळत नाही. ती आणखी १५ षटकं मिळाली असती. दुसऱ्या दिवशी पावसानं दीड तासाहून जास्त खेळ खाल्ला, पण हिशोबात १० षटकंच गेली आणि आकाश दीपनं डावातले आपले सहा गडी पूर्ण करून सामना आणून दिला. पाऊस चहापानापर्यंत थांबला नसता तर आज तुमचा प्रश्न वेगळ्या सुरात आला असता.

गिलच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. आठवडाभर आधी लीड्सला इंग्लंडनं ३७१ धावा काढून आपल्याला हरवलं होतं आणि २०२२ साली याच एजबॅस्टनवर ३७८. धसका बसणारच. पण ३७८ च्या धसक्यावर ५०० पुरेसं होतं.

कर्णधार धावा मोजतात, मोजायची असतात षटकं. मी स्वतः दहा गडी काढायला ९० षटकं धरतो. याचं कारण दुसरा नवा चेंडू. तो ८० षटकांनंतर मिळतो आणि तो हातात आल्यावर वापरायला दहाएक षटकं तरी हवीत. सामना संपायला किती षटकं उरली ते बघा, अंदाजात जेवढा पाऊस आहे तेवढी वजा करा, ढगाळ दिवस असेल तर अंधुक प्रकाशाची वेगळी वजा करा. (प्रकाशही बरीच षटकं खातो. पंच मीटर काढतात, वेगवान गोलंदाज थांबवायला सांगतात, आणि तुमच्याकडे त्या दिवशी स्पिनर एकच असतो.) उत्तर ९० च्या आसपास आलं की आघाडी कितीही असो, फलंदाजांना आत बोलवा.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण हे मी मैदानात भोगलंय.

मी मुंबईत कांगा लीग खेळलो, खालच्या डिव्हिजनला, डावखुरा स्पिनर म्हणून. १९४८ पासून ही लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते. ओली विकेट, घोट्याच्या वर गेलेलं गवत, जमिनीवरून मारलेला फटका सीमेपर्यंत जातच नाही. अशा विकेटवर १३०-१४० धावा म्हणजे डोंगर. त्या रविवारी क्रॉस मैदानावर जेवणाच्या वेळेला आमच्या त्याहून जास्त झाल्या होत्या. आमचा कप्तान ३८ वर नाबाद. जेवताना आमचे स्कोअरर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते स्वच्छ म्हणाले, "चर्चगेटकडून काळं चढतंय, आत्ताच डिक्लेअर कर." आमचा सगळ्यात सीनियर गोलंदाजही तेच म्हणाला. कप्तान म्हणाला, "दोन ओव्हर बघू."

त्या दोन ओव्हरच्या अकरा झाल्या. बाहेरून आम्ही हात करतोय, तो आमच्याकडे बघायचं टाळतोय. एकेरी धाव, निर्धाव, पुन्हा एकेरी. त्याला पन्नास हवे होते, कारण पन्नास केले की दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात संक्षिप्त धावफलकात नाव येतं. पन्नास झाले, बॅट वर झाली आणि मग डाव घोषित झाला.

यात आणखी एक नुकसान झालं जे आजही त्याच्या लक्षात येत नाही. जेवणाच्या वेळेला डाव सोडला असता तर दोन डावांमधली १० मिनिटं जेवणातच जिरली असती. खेळ चालू असताना सोडलास म्हणजे अकरा ओव्हर गेल्या आणि वर ती १० मिनिटंही गेली. कसोटीतही हेच आहे. डाव सोडायचा तर उपाहाराला सोडा, चहापानाला सोडा, रात्री सोडा. चहापानानंतर पाच षटकं खेळून डाव सोडणारा कर्णधार बघितला की मला आजही राग येतो.

पुढे व्हायचं तेच झालं. त्या ओल्या विकेटवर माझा चेंडू हातभर वळत होता. समोरच्या संघाचे सात गेले होते, उरलेल्यांत धड बॅट धरता येणारा एकच होता, आणि पाऊस आला. नुसता आला नाही, मैदानाचं तळं करून गेला. सामना अनिर्णित. त्या हंगामाच्या शेवटी आम्ही तेवढ्याच गुणांनी खालच्या डिव्हिजनला उतरलो.

आमचा जुन्या खेळाडूंचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर पावसाळ्यात विषय निघतो आणि दर वेळी तो लिहितो, "पावसानं घालवली." पावसानं नाही घालवली. पाऊस काकांना जेवतानाच दिसला होता.

म्हणून मला वाटतं, डाव घोषित करायचा निर्णय गोलंदाजांना विचारल्याशिवाय होऊच नये. आपले बहुतेक कर्णधार फलंदाज, त्यांना धावांनी सुरक्षित वाटतं. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स बघा, कर्णधार असून स्वतः वेगवान गोलंदाज. जानेवारी २०२३, सिडनी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. उस्मान ख्वाजा १९५ वर नाबाद, तिसरा दिवस पूर्ण पावसात गेला. चौथ्या दिवशी कमिन्सनं ४ बाद ४७५ वर डाव सोडला, ख्वाजाच्या पाच धावांसाठी थांबला नाही. सामना अनिर्णितच राहिला, तरी निर्णय शंभर टक्के बरोबर. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला तर आपल्याविरुद्ध ७ बाद ८९ वर डाव घोषित केला आणि २७५ चं लक्ष्य दिलं. तिथेही पावसानं पुढे खेळ होऊ दिला नाही. पण गडी काढायचे असतील तर असाच हात सोडावा लागतो.

२००४ ची मुलतान, जिथे सचिन १९४ वर नाबाद असताना कर्णधार द्रविडनं पाकिस्तानविरुद्ध डाव घोषित केला, आमच्या ग्रुपवर निघतेच, आणि निघाली की आमचा कप्तान सगळ्यात मोठ्यानं द्रविडला बोल लावतो. सचिनचं वाईट मलाही वाटलं होतं. तरी द्रविडनं त्या संध्याकाळी गोलंदाजांना षटकं मिळवून दिली आणि आपण डावानं जिंकलो.

याच्या उलट वेलिंग्टन, एप्रिल २००९. धोनीकडे तिसऱ्या दिवसाअखेर ५३१ ची आघाडी होती. चौथ्या दिवशी सकाळी आपण पुन्हा फलंदाजीला उतरलो, ६१७ चं लक्ष्य दिलं, आणि शेवटच्या दिवशी पाऊस आला तेव्हा न्यूझीलंड ८ बाद २८१. दोन गडी उरले. मालिका १-० नं जिंकलो, न्यूझीलंडमध्ये १९६८ नंतर पहिल्यांदा, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मी सोडलेलं नाही. २०२३ च्या ॲशेसमध्ये मँचेस्टरला इंग्लंडनंही तेच केलं. शेवटचे दोन दिवस पावसाचे आहेत हे सगळ्या गावाला माहीत असताना तिसऱ्या दिवशी ५९२ पर्यंत खेळले, बेअरस्टो ९९ वर नाबाद. पाचव्या दिवशी एकही चेंडू पडला नाही आणि ॲशेस ऑस्ट्रेलियाकडे राहिली.

मला अभिमान वाटतो तो कानपूरचा. २०२४, बांगलादेश. दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण वाया. चौथ्या दिवशी बांगलादेशचे २३३ झाले आणि रोहितनं पहिल्या चेंडूपासून मारायचा हुकूम सोडला. तीन षटकांत पन्नास, ३४.४ षटकांत ९ बाद २८५, डाव घोषित. आघाडी फक्त ५२ ची. फक्त! पण त्याच संध्याकाळी बांगलादेशचे दोन गेले आणि दुसऱ्या दिवशी आपण सात गडी राखून जिंकलो. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत विजयाला १२ गुण आणि अनिर्णितला ४, म्हणजे अनिर्णित सुटलेला सामना हा दोन तृतीयांश गमावलेला सामना, हे रोहितला कळलं होतं.

आता पावसाचं नाव नसेल आणि खेळपट्टी पाटा, म्हणजे फलंदाजांना सोपी, असेल तर मी वर लिहिलेलं लागू नाही. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनला क्लाइव्ह लॉइडनं ४०३ चं लक्ष्य दिलं आणि गावसकर-विश्वनाथच्या शतकांनी आपण ते चार गडी गमावून गाठलं. लॉइडकडे त्या सामन्यात तीन स्पिनर होते. हातात गोलंदाजी कोणती आहे हे न बघता डाव सोडू नये. आणि मालिकेत १-० नं पुढे असाल, शेवटचा सामना असेल, तर धोनीसारखं खेळण्यात व्यवहार आहे, एवढं मी कबूल करतो. आम्ही मात्र त्या रविवारी कुठल्याच मालिकेत पुढे नव्हतो. गुणतक्त्यात तळाला होतो आणि आम्हाला विजयच हवा होता, हे कप्तानाला टॉसच्या आधी माहीत होतं. या उत्तराची लिंक मी ग्रुपवर टाकतो आहे. त्याला पाऊस सोडून दुसरं काही सांगायचं असेल तर इथेच लिहावं.