घरी ४ पैकी ४, मॉकमध्ये १: वाचनाचा वेळ नक्की जातो कुठे?

नाशिकच्या एका आईंचा मेसेज आलाय. त्यांची मुलगी कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय, घरी निवांत बसून इंग्लिशचा पॅसेज सोडवला की ४ पैकी ४ बरोबर, फार तर एखादं चुकतं, आणि मॉक, म्हणजे सराव परीक्षा दिली की तशाच पॅसेजला १ नाहीतर २. मुलगी म्हणते मी स्लो वाचते, मला जमणारच नाही. आईंचा प्रश्न असा की स्पीड रीडिंगचा क्लास लावू का, फी बरीच आहे पण मुलीसाठी भरू.

ताई, फी भरायच्या आधी थोडं थांबा. हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे कॅटवाले येतात, क्लॅटवाले, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे तर फारच येतात, कारण २०२० पासून क्लॅटचा पेपर सगळा पॅसेजवरच असतो आणि आता १२० मिनिटांत १२० प्रश्न आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, मी हळू वाचतो. मलाही सुरुवातीची काही वर्षं ते खरंच वाटायचं. मग एक मुलगा आला आणि माझा विचार बदलला, त्याचीच गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा लातूर जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग इंजिनिअरिंग पुण्यात, आणि हिंजवडीत नोकरी. कॅट २०२४ हा त्याचा दुसरा अटेम्प्ट होता. पहिल्या वेळी गणितात चांगले मार्क आणि इंग्लिशच्या सेक्शनमध्ये पार आपटला होता. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, मॅडम माझं इंग्लिश वीक आहे, माझा स्पीडच नाही, यावर काही करता येतं का ते सांगा नाहीतर मी सोडून देतो. पंचविशीचा मुलगा, पण हे बोलताना नजर खाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅटमध्ये तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं, एक संपल्याशिवाय दुसरा उघडत नाही आणि मागे जाता येत नाही. इंग्लिश सगळ्यात आधी. २०२४ ला त्यात २४ प्रश्न होते, त्यातले १६ चार पॅसेजवरचे. बरोबरला ३ मार्क, ऑप्शनवाल्या प्रश्नात चुकलं तर १ कापतात, टाइप करून उत्तर द्यायचं असेल तिथे कापत नाहीत. स्क्रीनवर उरलेला वेळ सतत पळताना दिसतो.

मी त्याला आधी काहीच शिकवलं नाही. म्हटलं, आत्ता इथे एक जुना पॅसेज सोडव, मी शेजारी बसते. हातात कागद आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, तो काय करतोय ते फक्त टिपत गेले. पहिलं वाचन ३ मिनिटं ४० सेकंद. मग प्रश्न बघितला आणि परत पहिल्या ओळीपासून सगळा पॅसेज वाचायला लागला, ३ मिनिटं. दुसऱ्या प्रश्नानंतर पुन्हा पहिल्यापासून, अडीच मिनिटं. उरलेली साधारण ५ मिनिटं दोन ऑप्शनमध्ये लटकण्यात गेली, हा की तो, हा की तो. एकूण १४ मिनिटं १० सेकंद, एका पॅसेजला! आणि आधी बरोबर मार्क केलेलं एक उत्तर त्याने शेवटी बदलून चुकीचं केलं.

आता जरा हिशोब बघा. पॅसेज असतो साधारण ५०० शब्दांचा. मार्क ब्रिसबार्ट नावाच्या बेल्जियमच्या संशोधकाने २०१९ मध्ये वाचनाच्या वेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात मोठी माणसं मनातल्या मनात इंग्लिश वाचताना, म्हणजे गोष्टी कादंबऱ्या सोडून बाकी मजकूर, मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतात असं आलं. आपला मुलगा याच्या बराच खाली, १५० धरा. तरी ५०० शब्दांना ३ मिनिटं २० सेकंद, चार पॅसेजला १३ मिनिटं २० सेकंद, आणि हातात शिल्लक २६ मिनिटं ४० सेकंद. क्लास लावून स्पीड दुप्पट झाला तरी वाचणार किती, तर ६ मिनिटं ४० सेकंद. आणि त्याने एकाच पॅसेजमध्ये परत वाचण्यात आणि लटकण्यात साडेदहा मिनिटं घालवली होती. म्हणजे गळती तिथे नव्हतीच जिथे तो बादली ठेवून बसला होता.

स्पीड रीडिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाचनावर संशोधन करणारे कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांचा या विषयावरचा मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच आलं की वेग खूप वाढवला की समज कमी होते, दोन्ही एकदम मिळत नाही. अंदाज घ्यायला वरवर नजर फिरवणं ठीक आहे, पण कॅटचे प्रश्न नेमके तिथे विचारतात जिथे लेखकाने वाक्याच्या मध्येच बाजू पलटलेली असते, तिथे नजर घसरली की संपलं.

मग मी त्याच्याकडून पॅसेज काढून घेतला आणि नवीन एक दिला, एकदाच वाच म्हटलं, वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायला लावला आणि विचारलं, काय लिहिलंय सांग, मराठीत सांग, आईला फोनवर सांगतोस तसं. तो म्हणाला, मॅडम नीट नाही कळलं. म्हटलं जे कळलं ते सांग. आणि त्याने सांगायला सुरुवात केली. लेखकाचं म्हणणं काय, तो कुणाशी भांडतोय, मध्ये उदाहरण कशासाठी आलं, शेवटी त्याने थोडी माघार कुठे घेतली, सगळं सांगितलं हो! एक बारीक मुद्दा सोडला तर काहीच सुटलं नव्हतं. मी म्हटलं, अरे तुला पहिल्याच वाचनात कळलंय, मग तू परत परत का वाचतोस? बराच वेळ गप्प बसला.

मग सांगितलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सरांनी वर्गात उभं करून इंग्लिश उतारा वाचायला लावला होता, उच्चार चुकले, वर्ग हसला, सरही हसले. तेव्हापासून इंग्लिश काही वाचलं की मनात येतं, मला कळलं नसणारच. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो तसं हा प्रत्येक परिच्छेद फुंकून पीत होता. आणि घड्याळ दिसलं की ते जास्तच, कारण घड्याळ म्हणजे पुन्हा कुणीतरी समोर उभं राहून बघतंय. मला खरंच फार वाईट वाटलं त्या दिवशी. एका तासाच्या हसण्याची किंमत पोर पाच-सहा वर्षं भरतंय.

काम आम्ही त्या अविश्वासावर केलं. पहिले तीन आठवडे घड्याळ बंद. रोज एक पॅसेज, एकदाच वाचायचा, प्रत्येक परिच्छेद झाला की थांबून मनात मराठीत एक ओळ, आणि शेवटी फोनमध्ये अर्ध्या मिनिटाचा मराठी व्हॉइस नोट, लेखकाला काय म्हणायचंय. इथे एक सांगते, मराठीत विचार करू नका असं मुलांना सर्रास सांगतात, ते मला पटत नाही. शब्दाला शब्द भाषांतर करत बसलं तर वेळ जातो हे खरं, पण परिच्छेदाचं सार आपल्या भाषेत धरलं तर ते डोक्यात पक्कं बसतं आणि मागे जायची गरज कमी होते. मग प्रश्न सोडवताना नियम एकच, मागे जायचं तर त्या परिच्छेदात जायचं, पहिल्या ओळीपासून नाही.

ऑप्शनवर आम्ही जास्त दिवस घालवले, कारण खरा वेळ तिथे होता. चुकीचा ऑप्शन का चुकीचा, हे त्याने वहीत लिहायचं. काही दिवसांत त्याचं त्यालाच दिसायला लागलं की फसवणारे ऑप्शन ठरावीकच असतात. कुठे ओन्ली, ऑल्वेज असला टोकाचा शब्द घुसवलेला, कुठे वाक्य अर्धं बरोबर आणि शेपटात खोट, कुठे पॅसेजमध्ये आहे ते खरंच पण विचारलंय वेगळं, आणि कुठे जगात खरं असेल पण या लेखकाने म्हटलेलंच नाही. यातला शेवटचा हुशार मुलांना जास्त खातो. दोनच ऑप्शन उरले की कुठला बरोबर वाटतो असं विचारायचं नाही, कुठल्यात एक शब्द जास्तीचा आहे ते शोधायचं, आणि अर्ध्या मिनिटात नाही सापडला तर एक निवडून पुढे.

विषयांची भीती हा आणखी एक भाग. कलेचा इतिहास, तत्त्वज्ञान असलं आलं की याचे हातपाय गार. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या मॅचचा उतारा दिला होता, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. म्हणजे विषय ओळखीचा असला की वाचन आपोआप सोपं होतं. म्हणून त्याला म्हटलं, मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभं केलेलं काम आहे, त्यातली अस्तित्ववाद, प्रबोधनकाल असली एक नोंद रात्री मराठीत वाच आणि सकाळी त्याच विषयावरचा इंग्लिश लेख. हे त्याला सगळ्यात जास्त आवडलं, परीक्षा झाल्यावरही चालू ठेवलंय म्हणाला.

घड्याळ आम्ही नंतर आणलं, तेही हळूहळू. एका पॅसेजला आधी १५ मिनिटं, मग १२, मग १०, शेवटी ९. आणि घड्याळाकडे बघायचं फक्त पॅसेज संपल्यावर, मध्ये नाही. मॉकमध्ये पहिली दीड-दोन मिनिटं चारही पॅसेजच्या सुरुवातीच्या ओळी बघायच्या आणि एक पॅसेज ठरवून बाजूला ठेवायचा. हे ऐकून तो घाबरला, ४ प्रश्न सोडायचे? मी मार्कांचा हिशोब मांडून दाखवला. १६ पैकी १६ धावत पळत सोडवून ७ बरोबर ९ चूक, तर २१ वजा ९, हातात १२. तीनच पॅसेज नीट करून १२ पैकी ९ बरोबर ३ चूक, तर २७ वजा ३, हातात २४. त्याच्या स्वतःच्या मॉकचे आकडे याच्या जवळपासच होते म्हणून पटलं. तीन पॅसेजला २७ मिनिटं, उरलेली दहा-अकरा मिनिटं बाकीच्या ८ प्रश्नांना, त्यातल्या टाइप करायच्या उत्तरांना तर भीतीच नाही. जो आधीच वेगाने वाचतो त्याने चारही करावेत, हा हिशोब याच्यासाठी होता.

परीक्षेनंतर त्याचा फोन आला, मॅडम एक पॅसेज मुद्दाम सोडला आणि हात थरथरला नाही. इंग्लिशमध्ये चांगलाच वर आला. त्याला हवी होती त्या आयआयएमचा कॉल मात्र नाही आला, दुसऱ्या एका कॉलेजात शिकतोय आता. हे मुद्दाम सांगतेय, कारण सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

आणि ताई, सगळ्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. घड्याळ न लावतासुद्धा ४ पैकी २ च येत असतील तर तो वेळेचा प्रश्नच नाही, तिथे शब्द आणि वाचनाची सवय यावरच महिनोन् महिने काम करावं लागतं, माझ्याकडची एक मुलगी तशीच होती. आणि लहानपणापासून मराठी वाचतानाही अक्षरं गोंधळत असतील, ओळ सुटत असेल, तर आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अडचणी येतात आणि नियमांत बसत असेल तर कॅटमध्ये प्रत्येक सेक्शनला १३ मिनिटं २० सेकंद जास्त मिळतात. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

तुमच्या मुलीला घरी ४ पैकी ४ येतात, म्हणजे समज आहे. आज रात्री एवढंच करा. तिच्या शेजारी बसा, बोलू नका, टोकू नका, ती पॅसेज सोडवत असताना पहिलं वाचन किती मिनिटं, परत किती वेळा मागे गेली, ऑप्शनवर किती वेळ थांबली, उत्तर किती वेळा बदललं, हे कागदावर लिहा. झाल्यावर तिला मराठीत विचारा, काय म्हणतोय गं लेखक? ती काय सांगते ते आणि तो कागद मला पाठवा, क्लासच्या फीचं मग बघू.