डॅफ्निया खात नाही? लगेच विषावर खापर नको

मायक्रोसिस्टिस हे नीलहरित शेवाळ घातलं, डॅफ्नियाने (पाणी गाळून खाणारी इवली पाणपिसू) खाणं सोडलं, म्हणजे विषच, असं धरून चालू नकोस. मायक्रोसिस्टिसचा पीसीसी ७८०६ हा वाण घे. त्याचं मायक्रोसिस्टिन हे विष न बनवणारं उत्परिवर्तित रूप दिलं तरी खाणं मंदावतंच. जीव जातो तो विषारी रूपाने. भूक मारणारं वेगळं, जीव घेणारं वेगळं.

जिवंत डॅफ्निया सूक्ष्मदर्शकाखाली बघ. इतर नीलहरित शेवाळाचे लांब तंतू तिच्या गाळणीत अडकले की ती मागच्या नखीने अख्खा घास बाहेर ढकलते, त्यात चांगलं हिरवं शेवाळही जातं! कोपेपॉड (तसेच दुसरे इवले जलजीव) मात्र चोखंदळ, निवडून खातात.

आणि हो, तळ्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या वसाहती (पेशींचे पुंजके) प्रयोगशाळेत बहुधा सुट्या पेशी होऊन वाढतात, तेव्हा तळ्याबद्दल बोलताना जपून. प्रयोगात डॅफ्नियाचा एक गट उपाशी ठेवच, नाहीतर उपासमार आणि विषबाधा वेगळी कशी काढणार?