कॉन्टूर पॅलेट (चेहऱ्याला उठाव देणाऱ्या तपकिरी छटांचा डबा) घेताना घटकांची यादी कशी वाचावी? टाल्क असलेली टाळावी का?

त्वचा नाजूक आहे, गालांवर मुरुमं येतात आणि टाल्कबद्दल वाचून भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. आधी टाल्कचं, म्हणजे पावडरीत वापरल्या जाणाऱ्या मऊ खनिजाचं बघू, कारण त्यातला खरा धोका यादी वाचून कळत नाही.

खरा प्रश्न अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे कर्करोग करणाऱ्या तंतुमय खनिजाचा आहे. खडकात ही दोन खनिजं एकमेकांना लागून सापडतात, म्हणून खाण नीट निवडली नाही आणि माल तपासला नाही तर टाल्कमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू येतात. मार्च 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी क्लेअर्सच्या तीन उत्पादनांबद्दल इशारा दिला होता आणि त्यातलं एक कॉन्टूर पॅलेटच होतं. असा अंश कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कलाच 2अ गटात टाकलं, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’. पुरावा किती भक्कम आहे एवढंच हा गट सांगतो. तुमच्या गालावरच्या चिमूटभर पावडरीने धोका किती वाढेल, हे त्यातून कळत नाही. तरी रोज लावणार असाल तर टाल्क नसलेली पावडर किंवा क्रीम घ्या, असंच मी सांगेन. पर्याय सहज मिळतात. पावडर लावताना ब्रश डब्याच्या कडेवर आपटून झटका, तोंडासमोर धरून फुंकर मारू नका.

शिशाचंही तसंच. कॉन्टूरचा तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडचा असतो: सी.आय. (रंगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) 77491 लाल, 77492 पिवळा, 77499 काळा. या आकड्यांना घाबरायचं कारण नाही. पण रंगद्रव्य पुरेसं शुद्ध नसेल तर त्यासोबत शिसं आणि आर्सेनिक येतं. आपल्याकडच्या नियमांत शिसं 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) आणि आर्सेनिक 2 पीपीएमपर्यंतच चालतं. ही मर्यादा पाळली की नाही, हे बनवणाऱ्याचा पत्ता असेल तरच कुणाला विचारता येईल. म्हणून खोक्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत बघा. माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. रस्त्यावर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारी पॅलेट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आता यादीत दिसणाऱ्या गोष्टी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण 1 टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे माल टिकवणारं रसायन सहसा 1 टक्क्याच्या आतच असतं. ते सापडलं की त्याच्या पुढचं बहुतेक सगळं नगण्य प्रमाणात आहे असं समजा (रंग मात्र शेवटी वेगळे लिहिलेले असतात). मुरुमं येत असतील तर क्रीम आणि स्टिकमध्ये छिद्रं बुजवणारं आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पामिटेट किंवा खोबरेल तेल पहिल्या पाच-सहा नावांत असेल तर ती वस्तू परत ठेवा. खाज येत असेल तर सुगंध, कार्माइन हा लाल रंग (75470) आणि चमक देणारं बिस्मथ ऑक्सीक्लोराइड (77163) टाळा. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे माल टिकवणारं रसायन दिसलं तर घेऊच नका. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत युरोपने ते बंद केलंय, कारण त्याची अ‍ॅलर्जी फार जणांना झाली.

कोको आणि दालचिनीची घरगुती पावडर सुरक्षित वाटते, पण दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड त्वचा भाजल्यासारखी लाल करतं. नाजूक गालांवर तर नकोच.

नवी वस्तू थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. अ‍ॅलर्जी अनेकदा पहिल्या दिवशी दिसतच नाही. लाली, खाज किंवा बारीक पुरळ आलं तर साध्या पाण्याने धुऊन टाका आणि थांबा. खोका मात्र फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञांना तीच यादी लागते, पॅच टेस्टला (संशयित घटक त्वचेवर चिकटवून अ‍ॅलर्जी तपासतात ती चाचणी) काय लावायचं ते त्यावरूनच ठरवता येतं.