कट्टा, पार आणि ओसाड मोकळी जागा : वाचकांचे प्रश्न

सोसायटीची मोकळी जागा, गावातला पार, गल्लीतला रस्ता असे सगळे विषय या महिन्याच्या पत्रांत आहेत. मुद्दा मात्र बहुतेकांचा एकच : जागा आहे, खर्चही झाला आहे, पण माणसं येत नाहीत. काही ठिकाणी येतात, पण ती कुणाला नको आहेत.

प्रश्न : आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीत इमारतींच्या मागे २५ बाय ४० मीटरची मोकळी जागा आहे. मधोमध हिरवळ आणि कारंजं (सध्या बंद), कडेनं चालण्याचा ट्रॅक, सिमेंटची चार बाकं. सुशोभीकरण दोनदा झालं. तरी संध्याकाळी तिथं चिटपाखरू नसतं आणि सगळे गेटजवळ पार्किंगच्या उतारावर उभे राहून गप्पा मारतात. नेमकं काय चुकतंय? (एक वाचक, पुणे)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. खास बसायला म्हणून माणूस क्वचितच घराबाहेर पडतो. भाजी घेऊन येताना किंवा मुलाला स्कूलबसवरून आणताना ओळखीचं कुणी दिसलं, की तो थांबतो. गेट सगळ्यांच्या वाटेवर आहे, मागची जागा कुणाच्याच नाही. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या आराखड्यात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती अनेकदा ट्रान्सफॉर्मर आणि सांडपाणी प्रकल्पाशेजारच्या उरलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते. टक्केवारी भरते, तिकडे जायचं कारण मात्र कुणाला उरत नाही.

खर्चाआधी दोन दिवस मोजणी करा, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. सकाळी साडेसहा ते रात्री साडेनऊ, दर तासाला दहा मिनिटं. सोसायटीचा नकाशा छापून घ्या आणि कोण कुठं थांबलं, कुठं बसलं याच्या खुणा करा. बायका, मुलं आणि ज्येष्ठ यांच्यासाठी वेगळी चिन्हं ठेवा. या दोन कागदांवर जे दिसेल ते सर्वसाधारण सभेतल्या दोन तासांच्या वादातून हाती लागत नाही.

मग वाट वळवता येते का ते पाहा. मागच्या कुंपणाला बंद फाटक असेल तर सकाळ-संध्याकाळ उघडा. दूध, पार्सल किंवा टपालपेट्यांचा कोपरा तिकडे हलवता येत असेल तर हलवा. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर हट्ट सोडा आणि गेटजवळच सहा मीटरचा कट्टा बांधा. माणशी ६० सेंटिमीटर धरले तर दहा जण बसतील. लोकांनी निवडलेली जागा चुकीची ठरवण्यापेक्षा तिला सावली देणं स्वस्त पडतं.

मागची जागा वापरात आणायचीच असेल तर आधी बसण्याचा हिशेब करा. शहरांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रण करून लोक कुठं बसतात ते टिपलं. निष्कर्ष ऐकायला बाळबोध वाटतो : जिथं बसायला जागा आहे तिथं लोक बसतात. त्यांनी सुचवलेलं प्रमाण म्हणजे दर ३० चौरस फुटांना एक फूट बैठक. तुमची जागा १,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०,७६० चौरस फूट, तेव्हा बैठक हवी ३६० फूट, म्हणजे जवळपास ११० मीटर. तुमची चार बाकं मिळून सात मीटरही भरणार नाहीत. सोसायटीला शहराच्या चौकाइतकी बैठक लागत नाही, पण ३५-४० मीटर हवीच.

ती मध्ये नको, काठावर हवी. पाठीशी भिंत किंवा झुडूप आणि समोर उघडी जागा असली की माणूस निवांत बसतो. मधल्या बाकावर त्याला चहूबाजूंनी बघितलं जात असल्यासारखं वाटतं. दोन बाजूंनी कट्टा फिरवा, उंची ४५ सेंटिमीटर, खोली ४५. दोन्हीकडून बसायचं असेल तर रुंदी ७५ ते ९० करा, नाहीतर पाठी एकमेकींना लागतात. ज्येष्ठांसाठी निदान तीन-चार बैठकी पाठ आणि हात असलेल्या, थोड्या उंच, ४८ सेंटिमीटरपर्यंतच्या ठेवा. दुखरे गुडघे हातावर भार दिल्याशिवाय उठू देत नाहीत. आणि बाकं रेल्वे फलाटासारखी एका रांगेत लावू नका. दोन बाकं काटकोनात ठेवली की मान न वळवता बोलता येतं. यांच्या जोडीला १५-२० हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या द्या, सावलीप्रमाणे लोक त्या सरकवत राहतील.

हिरवळ एक तृतीयांशावर आणा. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी म्हणजे जागा वापरू नका असं लेखी सांगणं. उरलेल्या भागात दहा सेंटिमीटर मुरूम अंथरून, पाणी मारून रोलर फिरवा, म्हणजे मुलं खेळू शकतील. बंद कारंजं हे डासांचं घर आहे. त्याचा वाळूचा हौद होतो, पण तळाला भोकं पाडून पाण्याला वाट द्या, वर दहा सेंटिमीटर खडी, त्यावर जाडसर फिल्टर कापड आणि मग ३०-४० सेंटिमीटर वाळू. निचरा नसेल तर पहिल्या पावसात हौदाचं डबकं होतं. रात्री जाळी टाकायला विसरू नका, मांजरांना ही जागा माणसांच्या आधी सापडते.

सावली पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला हवी, संध्याकाळचं ऊन तिथून येतं. करंज, कडुनिंब, ताम्हण, बकुळ चालतात. सप्तपर्णी बाकाजवळ नको, ऐन दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांच्या उग्र वासानं लोक उठून जातात. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. खाली तळघर असेल तर स्लॅबवर मीटर-सव्वा मीटर माती टाकल्याशिवाय मोठं झाड लावू नका आणि स्लॅब तेवढा भार घेईल का ते आधी अभियंत्याला विचारा. झाडं वाढेपर्यंत पाच-सहा वर्षं हिरव्या जाळीचा मांडव पुरतो.

प्रश्न : आमच्या गावातल्या जुन्या पिंपळाला पार बांधायचा आहे. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात खोडाला लागून गोल सिमेंट काँक्रीट आणि वर ग्रॅनाइट आहे. झाडाला धोका आहे का? (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

आहे. हे अंदाजपत्रक परत पाठवा.

अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या अर्धा-पाऊण मीटर मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर काँक्रीट ओतलं की दोन्ही बंद होतात. झाड लगेच वाळत नाही, दोन-चार वर्षांत शेंड्याकडून सुकत येतं. तोवर पार कुणी बांधला हे लोक विसरलेले असतात, म्हणून दोष किडीला दिला जातो. दुसरी हमखास चूक म्हणजे पार भरून काढताना खोडाला टेकवून माती चढवणं. बुंधा ओला राहून साल कुजते.

जुने पार टिकले ते कोरड्या दगडी बांधकामामुळे. सांध्यांतून पाणी झिरपायचं, मूळ जाड झालं की दगड थोडा सरकायचा. तसंच करा. खोडापासून चारही बाजूंनी निदान एक मीटर, जुन्या पिंपळाला दीड-दोन मीटर, माती उघडी सोडा. गोल भिंतीसाठी सलग पाया खणू नका. वरची सैल माती हातानं काढून मोठे दगड थेट जमिनीवर बसवा. वाटेत मनगटाएवढं जाड मूळ आलं तर तोडू नका, त्यावरून दगडाची कमान करा किंवा भिंत तेवढी आत-बाहेर घ्या. पार थोडा वाकडा झाला तर काही बिघडत नाही. आतली भर खडी आणि जाड वाळूची, १५-२० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बसण्याची उंची भिंतीच्या वरच्या दगडानं मिळते, सगळा पार भरायची गरज नसते. वर फरशी हवीच असेल तर खडबडीत शहाबादी, सांधे न भरता. ग्रॅनाइट मे महिन्यात दुपारी बसू देत नाही आणि पावसाळ्यात घसरवतो.

एका बाजूला १५ सेंटिमीटरची पायरी ठेवा, दुसऱ्या बाजूला शक्य असेल तर एकास बारा उताराची वाट. ४५ सेंटिमीटर उंचीला ती साडेपाच मीटर लांब होते. जागा कमी असेल तर पाराशेजारी जमिनीच्या पातळीवर चाकाच्या खुर्चीपुरती सपाट फरशी करा, सावली तिथंही पोहोचते.

प्रश्न : कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर टवाळ पोरं बसतात. समितीला कट्ट्याचा माथा उतरता करून वर लोखंडी टोकं लावायची आहेत. योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

टोकं लावली की आधी आजोबा जातात. पोरं शेजारच्या दुचाकीवर बसतात आणि कोपरा आधीपेक्षा ओसाड होतो. जागा सुरक्षित आहे की नाही याची साधी खूण म्हणजे तिथं बायका किती वेळ थांबतात. त्या कमी दिसल्या तर कट्ट्याला दोष देण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा दारं-खिडक्या नसलेली सलग भिंत असते. तिथं जाळीचं कुंपण करा किंवा भिंत एक मीटरपर्यंत उतरवा, म्हणजे तळमजल्यावरून कट्टा दिसेल. एखाद्या इस्त्रीवाल्याला किंवा फुलवालीला जागा द्या. दिवसभर एकाच ठिकाणी असणारा माणूस कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी. रस्त्याकडेची जागा असेल तर ते महापालिकेच्या परवान्यानं करा : २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार हे काम नगर पथविक्रेता समितीमार्फत होतं आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात.

आणि पोरांना जायला दुसरं ठिकाण आहे का? बास्केटबॉलची एक रिंग किंवा कॅरमचं टेबल लावून बघा.

प्रश्न : चौकात बसवलेले पेव्हर ब्लॉक वर्षभरात खचले, पाणी साचतं, बायकांच्या चपला अडकतात. ब्लॉक निकृष्ट होते का? (एक वाचक, कोल्हापूर)

ब्लॉक बहुधा ठीक असतील, खालचा थर आणि कडा कच्च्या असतील. नुसत्या पायी वाहतुकीला ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो, मोटारी चढत असतील तर ८० हवा. खाली खडी-मुरूम थरांथरानं दाबलेला, त्यावर जाड वाळू साधारण ३० मिलिमीटर. खड्डे बुजवायला हीच वाळू ७०-८० मिलिमीटर टाकली की ती जागोजागी बसते. कडेला काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कर्ब नसेल तर ओळी बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार ठेवा. खचलेला भाग उचलून पुन्हा बसवता येतो, सगळं उखडायची गरज नाही.

प्रश्न : आमची गल्ली रविवारी सकाळी मुलांना खेळायला बंद ठेवायची आहे. दुकानदारांचा विरोध आहे. सुरुवात कशी करावी? (महिला मंडळ, डोंबिवली)

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग महापालिकेनं दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. इतक्या गजबजलेल्या रस्त्यावर ते जमतं, तर गल्लीत जमायला हरकत नाही. फक्त छोटी सुरुवात करा : दीडशे ते दोनशे मीटर, सकाळी सात ते दहा, महिन्यातून एकदा. बसचा मार्ग आणि रुग्णालयाची वाट टाळा. गल्लीतल्या घरांच्या सह्या घ्या आणि महिनाभर आधी प्रभाग कार्यालय व वाहतूक पोलीस अशा दोन्हीकडे नकाशासह अर्ज द्या. नुसता स्थानिक पोलीस चौकीत दिलेला अर्ज बहुतेकदा पुढे सरकत नाही.

दोन्ही टोकांना अडथळे हलते ठेवा आणि प्रत्येकी दोन स्वयंसेवक उभे करा. मधून साडेतीन-चार मीटरची पट्टी पूर्ण मोकळी हवी, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी आली तर अर्ध्या मिनिटात वाट झाली पाहिजे. म्हणून मंडप नको. ध्वनिवर्धकही नको, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि एक स्पीकर ती सहज ओलांडतो. आदल्या रात्री गाड्या हलवायची सूचना द्यायला दोन दिवस आधी घरोघरी फिरा, सगळा गोंधळ तिथंच होतो.

दुकानदारांशी वाद घालू नका. पहिल्या दोन रविवारी दर तासाला दुकानात शिरणारी गिऱ्हाइकं मोजा, बंदच्या दिवशी आणि एरवीच्या दिवशीही. आकडा कमी आला तर वेळ बदला. बरेचदा चहावाला आणि किराणावाला सर्वांत आधी बाजू बदलतात.

प्रश्न : उद्यानात नवा हायमास्ट दिवा लावला, तरी बायका अंधार पडला की थांबत नाहीत. (एक वाचक, सोलापूर)

वीस मीटरवरून पडणारा प्रकाश चेहऱ्यावर सावली पाडतो आणि झाडांखाली काळोख ठेवतो. समोरून येणारा कोण आहे हे ओळखू येत नाही तोवर उजेडाचा उपयोग नाही. साडेतीन-चार मीटर उंचीचे, पिवळसर ३,००० केल्व्हिनचे खांब वाटेनं दर १२-१५ मीटरवर लावा, पानांच्या खाली राहतील असे. बाकाच्या अगदी डोक्यावर खांब नको, किडे पडतात. आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर दिवा आहे का तेही पाहा : पुष्कळदा आतला अंधार नव्हे, तर बाहेरचे पन्नास मीटर अडवतात.